प्रकाशाची वाट शोधणारा साधक : इब्न अल-हैसम

मालवणच्या किनाऱ्यावरील कोणत्याही घरात करून पाहता येईल असा एक साधा प्रयोग आहे. दिवसा एका खोलीची सर्व दारे-खिडक्या लावून घ्याव्यात आणि अंगणातील माडांकडे उघडणारी एकच खिडकी उघडी ठेवावी. तिच्यासमोरील पांढऱ्या भिंतीजवळ आजोबांचा वाचण्याचा चष्मा धरावा. चष्म्याचा क्रमांक अधिक दोन असेल, तर भिंतीपासून सुमारे ५० सेंटिमीटर अंतरावर ते भिंग येताच भिंतीवर एक लहानसे चित्र उमटते. त्यात माड असतात, कुंपण असते, त्यापलीकडील समुद्राची निळी रेघ असते. मात्र सारे उलटे. आकाश खाली आणि अंगण वर. भिंग थोडे पुढे-मागे केले की चित्र पुसट होऊन नाहीसे होते.

दहावीच्या वर्गातील आपली मुले-मुली हाच प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेत मेणबत्ती, बहिर्वक्र भिंग आणि पुठ्ठ्याचा पडदा घेऊन करतात. वस्तूचे अंतर, प्रतिमेचे अंतर आणि नाभीय अंतर वहीत नोंदवतात, सूत्र पाठ करतात आणि गुण मिळवतात. परंतु भिंतीवर चित्र का उमटते, या प्रश्नाच्या उत्तराचा पाया ज्या मुस्लिम विद्वानाने एक हजार वर्षांपूर्वी घातला, त्याचे जीवन आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते. त्याने केवळ प्रकाशाचे नियम शोधले नाहीत. सत्य कसे शोधावे आणि ते हाती आल्यावर त्याची किंमत कशी चुकवावी, हेही त्याने आपल्या आयुष्यातून दाखवून दिले. त्याचे नाव अबू अली अल-हसन इब्न अल-हसन इब्न अल-हैसम. युरोपात तो अल्हाझेन या नावाने ओळखला गेला.

बसऱ्यातील बालपण आणि विद्याभ्यास

इब्न अल-हैसम यांचा जन्म हिजरी ३५४ मध्ये, म्हणजे इ.स. ९६५ च्या सुमारास बसरा येथे झाला. हे इराकमधील भरभराटीचे बंदर होते. इराणी आखातातून निघणारी अरबी गलबते मोसमी वाऱ्यांवर आपल्या कोकणच्या बंदरांपर्यंत येत असत, त्या व्यापारी जगाचा बसरा हा एक मोठा दरवाजा होता. त्या काळी बगदादमध्ये ग्रीक, सिरियाक आणि भारतीय ग्रंथांचे अरबी अनुवाद होऊन शतकाहून अधिक काळ लोटला होता. युक्लिडची भूमिती, टॉलेमीचे खगोलशास्त्र आणि गॅलेनचे वैद्यक हे ग्रंथ अरबी वाचणाऱ्या विद्यार्थ्याला उपलब्ध होते. इ.स. ९८४ च्या सुमारास बगदादमध्ये इब्न सहल नावाच्या गणितज्ञाने भिंगाने सूर्यकिरण एका बिंदूत एकवटून दूरची वस्तू कशी पेटवता येईल, यावर ग्रंथही लिहिला होता.

इब्न अल-हैसम यांनी हे सर्व ज्ञान आत्मसात केले. काही काळ त्यांनी सरकारी अधिकारपदही सांभाळले. पण कचेरीत त्यांचे मन रमले नाही. त्यांनी पद सोडले आणि अभ्यासाला वाहून घेतले. अभ्यास करताना त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. थोर विद्वानही चुकतात, आणि त्यांच्या चुका त्यांच्या थोरवीच्या आड लपून पिढ्यान्‌पिढ्या चालत राहतात. पुढे टॉलेमीच्या ग्रंथांवरील शंकांचे त्यांनी स्वतंत्र पुस्तकच लिहिले. त्यात त्यांनी मांडलेला विचार असा की, पूर्वसूरींचे ग्रंथ वाचून त्यांवर विश्वास टाकणारा खरा सत्यशोधक नव्हे. वाचलेल्यावर शंका घेऊन पुराव्याच्या कसोटीवर ते घासून पाहणारा तो सत्यशोधक. आणि ही कसोटी त्याने स्वतःच्या मतालाही लावली पाहिजे, कारण पूर्वग्रह आणि ढिलाई यांपासून कोणीच मुक्त नसतो.

हे दुसरे वाक्य अधिक कठीण आहे. इतरांची चूक दाखवणे सोपे. स्वतःची चूक पाहणे अवघड. इब्न अल-हैसम यांना ती परीक्षा लवकरच द्यावी लागली.

नाईलच्या काठी दिलेली कबुली

चरित्रकार इब्न अल-किफ्ती यांनी ही हकिकत नोंदवली आहे. इब्न अल-हैसम यांच्या तोंडून एकदा असे उद्गार निघाले की, आपण मिसरमध्ये असतो तर नाईल नदीच्या पाण्याची अशी व्यवस्था केली असती, की पूर असो वा ओहोटी, लोकांचा लाभच झाला असता. ही गोष्ट कैरोच्या फातिमी खलीफा अल-हाकिम याच्या कानी गेली. त्याने द्रव्य पाठवून त्यांना बोलावून घेतले आणि ते आल्यावर नगराबाहेरील अल-खंदक या गावापर्यंत स्वतः सामोरा जाऊन त्यांचा सन्मान केला. त्यानंतर कारागीर आणि मजूर देऊन त्यांना नदीच्या वरच्या भागाकडे रवाना केले.

इब्न अल-हैसम नदीच्या काठाने दक्षिणेकडे निघाले. वाटेत प्राचीन मिसरी लोकांनी उभारलेल्या वास्तू त्यांनी पाहिल्या. त्यांतील भूमितीची अचूकता आणि दगडकामाचे कौशल्य पाहून त्यांच्या मनात विचार आला की, ज्यांना हे साधले त्यांना नाईल अडवणे शक्य असते, तर त्यांनी ते केव्हाच केले असते. अस्वानच्या दक्षिणेस, जिथे नदी उंचावरून खडकांतून उतरते, ती जागा त्यांनी चहूबाजूंनी तपासली. आपली योजना इथे चालणार नाही, हे त्यांना स्वच्छ दिसले. त्याच परिसरात पहिले मोठे धरण पूर्ण झाले ते इ.स. १९०२ मध्ये, यंत्रयुगाची साधने हाती आल्यानंतर.

त्यांच्यापुढे दोन मार्ग होते. काम चालू आहे असे भासवून वर्षे काढणे हा एक. परत जाऊन आपला अंदाज चुकला असे सांगणे हा दुसरा. अल-हाकिम लहरी आणि कठोर म्हणून प्रसिद्ध होता. त्याच्या रोषाला बळी पडलेल्यांची संख्या लहान नव्हती. तरीही इब्न अल-हैसम परतले, त्यांनी चूक मान्य केली आणि क्षमा मागितली.

खलीफाने त्या वेळी त्यांना शिक्षा केली नाही, उलट एका कचेरीचे काम सोपवले. ते त्यांनी भीतीपोटी स्वीकारले. परंतु त्याचा स्वभाव पाहता जिवाची शाश्वती नव्हती. अखेर वेड लागल्याचे सोंग घेण्याचा मार्ग त्यांनी पत्करला. त्यांची मालमत्ता सरकारी देखरेखीखाली गेली आणि त्यांना त्यांच्याच घरात स्थानबद्ध करण्यात आले. हिजरी ४११ मध्ये, म्हणजे इ.स. १०२१ मध्ये, अल-हाकिमचा अंत झाला. तेव्हा त्यांनी सोंग टाकले आणि त्यांची मालमत्ता त्यांना परत मिळाली.

भीतीपोटी घेतलेल्या या सोंगाचे गुणगान करण्याचे कारण नाही. पण नाईलच्या काठी, आपला मान आणि कदाचित प्राणही पणाला लागलेले असताना, हा माणूस ज्ञानाच्या बाबतीत खोटे बोलला नाही, हे विसरता कामा नये.

अंधाऱ्या खोलीतील दिवे

पुढील आयुष्य त्यांनी कैरोत जामे अल-अझहरच्या दाराशी असलेल्या एका घुमटाच्या खोलीत काढले. युक्लिडचे आणि टॉलेमीचे ग्रंथ सुंदर अक्षरात उतरवून ते वर्षाला दीडशे दीनार मिळवत आणि त्यावरच निर्वाह करत. उरलेला वेळ अध्यापनाचा आणि लेखनाचा होता. नव्वदीहून अधिक ग्रंथ आणि प्रबंध त्यांच्या नावावर नोंदले गेले आहेत. त्यांतील सर्वांत मोठा म्हणजे सात खंडांचा किताब-उल-मनाझिर, अर्थात दृष्टिशास्त्राचा ग्रंथ.

त्या काळापर्यंत दृष्टीविषयी दोन प्रमुख मते होती. युक्लिड आणि टॉलेमी मानत की डोळ्यातून किरण बाहेर पडतात आणि वस्तूला स्पर्श करतात, म्हणून वस्तू दिसते. दुसऱ्या पक्षाचे मत असे की वस्तूचे अखंड रूपच डोळ्यात शिरते. इब्न अल-हैसम यांनी आधी अनुभव तपासला. तेजस्वी सूर्याकडे पाहिले की डोळा दुखतो. प्रखर उजेडाकडे पाहून नजर वळवली तरी त्याची छाया काही वेळ डोळ्यापुढे राहते. याचा अर्थ बाहेरून काहीतरी डोळ्यात येऊन तेथे परिणाम करते. त्यांनी निष्कर्ष मांडला की प्रकाशित वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून प्रकाश सर्व दिशांना सरळ रेषेत पसरतो आणि त्यातील काही भाग डोळ्यात येतो.

हा निष्कर्ष त्यांनी प्रयोगाने पडताळला. एका अंधाऱ्या खोलीच्या छिद्रासमोर बाहेर वेगवेगळ्या जागी अनेक दिवे ठेवले. आतील भिंतीवर दिव्यांइतकेच उजेडाचे ठिपके उमटले. एक दिवा झाकला की त्याच्यासमोरचा नेमका एकच ठिपका नाहीसा होई. झाकण काढले की तो परत येई. सर्व दिव्यांचा प्रकाश त्याच एका छिद्रातून जात होता, तरी एकाचा प्रकाश दुसऱ्यात मिसळून गढूळ होत नव्हता. प्रत्येक किरण आपली सरळ वाट राखत होता. वरच्या दिव्याचा ठिपका खाली आणि उजवीकडच्या दिव्याचा डावीकडे पडतो, तो यामुळेच.

हवेतून पाण्यात किंवा काचेत शिरताना प्रकाशाची वाट वाकते. त्या अपवर्तनाचे कोन मोजण्यासाठी त्यांनी अंशांच्या खुणा केलेले तांब्याचे गोल उपकरण पाण्यात बसवून निरीक्षणे घेतली. काचेच्या गोळ्यातून सूर्यकिरण कसे एकवटतात, यावर त्यांनी स्वतंत्र प्रबंध लिहिला. मध्याजवळून जाणारे आणि कडेजवळून जाणारे किरण एकाच बिंदूत मिळत नाहीत, हेही त्यांनी त्यात दाखवले. चष्म्याच्या भिंगाने भिंतीवर पाडलेले चित्र अगदी रेखीव दिसत नाही, त्यामागील एक कारण हेच.

प्रयोगशाळेतील भिंगाचे रहस्य

आता पुन्हा आपल्या मुलांच्या प्रयोगशाळेकडे वळू. मेणबत्तीच्या ज्योतीचे टोक घ्या. त्या एका बिंदूपासून प्रकाश सर्वत्र जातो. नुसता पुठ्ठा समोर धरला, तर ज्योतीच्या प्रत्येक बिंदूचा प्रकाश पुठ्ठ्याच्या प्रत्येक भागावर पडतो. सारे एकमेकांवर पसरते आणि चित्र तयार होत नाही. मध्ये बहिर्वक्र भिंग ठेवले, की ज्योतीच्या टोकापासून निघून भिंगावर पडलेले सर्व किरण वाकून पलीकडे पुन्हा एका बिंदूत एकत्र येतात. ज्योतीच्या बुडाशी असलेल्या बिंदूचे किरण दुसऱ्या बिंदूत मिळतात. अशा रीतीने वस्तूच्या प्रत्येक बिंदूसाठी पडद्यावर एक बिंदू ठरतो आणि त्या बिंदूंची मिळून वास्तव प्रतिमा होते. भिंगाच्या मध्यातून जाणारे किरण सरळ जात असल्याने वरचा बिंदू खाली उमटतो, म्हणून प्रतिमा उलटी.

भिंगाचे नाभीय अंतर १० सेंटिमीटर असेल, तर ज्योत ३० सेंटिमीटरवर ठेवल्यास प्रतिमा १५ सेंटिमीटरवर आणि निम्म्या आकाराची मिळते. ज्योत २० सेंटिमीटरवर आणली की प्रतिमाही २० सेंटिमीटरवर आणि ज्योतीएवढीच. १५ सेंटिमीटरवर आणली की प्रतिमा ३० सेंटिमीटरवर जाते आणि दुप्पट होते. नेमक्या १० सेंटिमीटरवर किरण समांतर बाहेर पडतात, प्रतिमा कोणत्याच पडद्यावर सापडत नाही. त्याहून जवळ आणल्यास पडदा रिकामाच राहतो. पण भिंगातून पाहिले तर ज्योत सुलटी आणि मोठी दिसते. कुरआन शरीफचे बारीक अक्षर वाचताना आपले वडीलधारे हातभिंग अक्षराजवळ धरतात, ते याच आभासी प्रतिमेसाठी.

आता मुलांना एक प्रश्न विचारा. भिंगाचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकला, तर पडद्यावर काय दिसेल? बहुतेक मुले अर्धी ज्योत असे उत्तर देतात. कागद लावून पाहा. ज्योत पूर्णच दिसते, फक्त मंद होते. कारण ज्योतीचा प्रत्येक बिंदू भिंगाच्या सर्व भागांवर प्रकाश टाकतो. अर्धे भिंग उरले तरी प्रत्येक बिंदूचे काही किरण पडद्यावर पोहोचतातच. इब्न अल-हैसम यांचा सिद्धान्त असा एका कागदाच्या तुकड्याने आपल्यासमोर सिद्ध होतो.

चूक राहिली, पण वाट खुली राहिली

इब्न अल-हैसम यांचे इ.स. १०४० च्या सुमारास कैरोत निधन झाले. इ.स. १२०० च्या सुमारास त्यांच्या ग्रंथाचा लॅटिन अनुवाद झाला आणि इ.स. १५७२ मध्ये तो बाझल येथे छापला गेला. दरम्यान इराणमध्ये कमालुद्दीन अल-फारिसी यांनी त्यावर विस्तृत भाष्य लिहिले आणि पाण्याने भरलेल्या काचेच्या गोळ्यावर प्रयोग करून इंद्रधनुष्याचे कारण उलगडले.

एका बाबतीत मात्र इब्न अल-हैसम चुकले. डोळ्यात उलटी प्रतिमा पडत असेल तर आपल्याला जग उलटे का दिसत नाही, या अडचणीमुळे त्यांनी डोळ्यातील प्रतिमा सुलटी राहील अशी मांडणी केली. डोळ्याचे भिंगही प्रयोगशाळेतील भिंगासारखेच वागते आणि मागील पडद्यावर उलटी प्रतिमा पाडते, हे योहानेस केप्लर यांनी इ.स. १६०४ मध्ये दाखवले. केप्लर यांनी इब्न अल-हैसम यांच्याच तत्त्वावरून पुढे जाऊन त्यांची चूक दुरुस्त केली. ज्याने आपल्या लेखनावरही शंका घ्यायला शिकवले, त्याचा यात अपमान नाही.

विजयदुर्ग आणि ग्रहण

इब्न अल-हैसम यांचा एक प्रबंध सूर्यग्रहणाच्या आकृतीविषयी आहे. खंडग्रास ग्रहणात लहान छिद्रातून आलेला सूर्यप्रकाश समोर चंद्रकोरीसारखा पडतो; छिद्र मोठे केले की तो गोल होतो. असे का घडते, याचे गणित त्यांनी त्यात मांडले आहे.

ग्रहणाचा आणि भिंगांचा संबंध आपल्या जिल्ह्याशीही आहे. विजयदुर्ग किल्ल्यावर साहेबाचे ओटे म्हणून काही चौथरे दाखवले जातात. इ.स. १८६८ च्या ग्रहणात नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने येथूनच हेलियमचा शोध लावला, असे अभिमानाने सांगितले जाते. परंतु नोंदी तपासल्या तर वेगळे चित्र दिसते. १८ ऑगस्ट १८६८ चे ग्रहण फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी आंध्रातील गुंटूर येथून पाहिले. लॉकियर त्या वर्षी इंग्लंडमध्येच होते आणि ऑक्टोबरमध्ये तेथूनच त्यांनी सूर्याच्या कडेचा प्रकाश तपासला. विजयदुर्गला ते खरोखर आले, ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. मेल्पोमेनी या युद्धनौकेचे नाविक त्यांच्या मदतीला होते. त्या दिवशी सुमारे दोन मिनिटांच्या काळोखात भिंगांनी आणि लोलकांनी सूर्याच्या प्रतिमा छायाचित्रांच्या काचांवर उमटवल्या. खरी हकिकत पुरेशी गौरवास्पद आहे. तिला खोट्या वर्षाचा आधार लागत नाही.

प्रिय वाचकहो, आपल्याला मानाची वाटणारी असत्य गोष्ट नाकारणे किती कठीण असते, याचा सर्वोच्च आदर्श प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या जीवनात आहे. त्यांचे लहानगे पुत्र इब्राहीम यांचे निधन झाले त्या दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले की प्रेषितांच्या पुत्राच्या मृत्यूमुळेच सूर्य झाकोळला. पित्याचे अंतःकरण दुःखाने भरलेले होते. तरीही त्यांनी तो समज राहू दिला नाही. सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कोणाच्या मृत्यूने वा जन्माने त्यांना ग्रहण लागत नाही, असे स्पष्ट सांगून त्यांनी लोकांना नमाज आणि दुआ यांकडे वळवले. सूरह अल-हुजुरातमध्येही बातमी कानी आली तर तिची छाननी करण्याची ताकीद आहे. नाईलच्या काठावरून रिकाम्या हाताने परतलेल्या इब्न अल-हैसम यांची कबुली याच शिकवणीच्या वातावरणात उमललेली होती.

मुलांच्या वहीतील आकडे

चरित्रकार बैहकी यांनी त्यांच्या अध्यापनाची एक गोष्ट दिली आहे. सिमनानचा सुरखाब नावाचा एक अमीर त्यांच्याकडे शिकायला आला. त्यांनी दरमहा शंभर दीनार शुल्क मागितले. तीन वर्षे तो ते देत राहिला. निरोपाच्या वेळी इब्न अल-हैसम यांनी ती सारी रक्कम त्याच्या हाती परत ठेवली. त्याची ज्ञानाची तळमळ खरी आहे की नाही, एवढेच त्यांना पाहायचे होते. चांगली गोष्ट शिकवण्याचा मोबदला घेऊ नये, अशी त्यांची धारणा होती.

आज आपल्या मुलांना शाळा, प्रयोगशाळा आणि छापील पुस्तके सहज मिळतात. पण प्रयोगवहीतील आकडे अनेकदा मागील वर्षीच्या वहीतून उतरवले जातात. भिंग पेटीतच राहते आणि २० सेंटिमीटरसमोर २० हा आकडा मात्र बिनचूक लिहिला जातो. खऱ्या प्रयोगात तो १९.६ किंवा २०.५ येऊ शकतो. मग मूल घाबरते आणि खरा आकडा खोडून अपेक्षित आकडा लिहिते. हा लहानसा अप्रामाणिकपणा वाटतो. पण डोळ्यांनी पाहिलेले नाकारून सोयीचे लिहिण्याची सवय इथूनच लागते, आणि पुढे ती व्यापारात, साक्षीत आणि धर्माच्या बोलण्यातही उतरते.

म्हणून एखाद्या सुट्टीच्या दिवशी घरातील मुला-मुलींना जवळ बोलावा. चष्मा आणि फूटपट्टी द्या. सूर्याकडे भिंगातून कधीही पाहायचे नाही, ही ताकीद आधी द्या. मग खिडकीसमोरच्या भिंतीवर माडांची उलटी प्रतिमा त्यांना स्वतः शोधू द्या आणि जे अंतर भरेल तेच लिहायला सांगा. पुस्तकाशी जुळले नाही तर फरक का पडला, हे त्यांच्यासोबत बसून शोधा. अल्लाहने दिलेल्या दृष्टीचा आणि बुद्धीचा तो प्रामाणिक वापर असेल. एक हजार वर्षांपूर्वी अझहरच्या दाराशी बसून इब्न अल-हैसम यांनी हेच काम केले होते.